थांबा, आपण अजून थोडे आहोत

१. काल टणक, आज लगदा

नागपुरात सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात आलू घेणारं गिऱ्हाईक एकेक नग दाबून पाहतं, हिरवट बाजूला काढतं, कोंब फुटलेला परत ढिगावर टाकतं. एवढी निवड करून घरी नेलेल्या पिशवीतही चार दिवसांनी एखादा बटाटा असा निघतो, की उचलायला गेलेलं बोट सरळ आत जातं. साल शाबूत, आत पांढरट लगदा आणि स्वयंपाकघरभर वास. कालपर्यंत तर हा टणक होता! मग घरोघरी पडणारा प्रश्न पडतो: रोग लागायला काही दिवस तरी लागत असतील ना? हा एका रात्रीत कसा सडला?

एका रात्रीत तो सडलेला नसतोच. या सडीमागे बहुतेक वेळा पेक्टोबॅक्टेरियम नावाचा जिवाणू असतो. जुन्या पुस्तकांत तो एर्विनिया या नावाने भेटतो. बटाट्याच्या सालीवर जे बारीक ठिपके दिसतात, ती त्याची श्वासाची छिद्रं. शेतातल्या ओल्या मातीतून जिवाणू त्या छिद्रांत शिरतो आणि कित्येकदा महिनोन्‌महिने तिथेच पडून राहतो. बटाटा खणला जातो, शीतगृहात जातो, ट्रकने कळमन्याच्या मार्केट यार्डात उतरतो, तिथून ठेल्यावर येतो. जिवाणू सोबतच असतो आणि काहीही करत नाही. पुढे कधीतरी बंद पिशवीत दमटपणा साठतो, सालीवर पाण्याचा पातळ थर बसतो, आत हवा पोचेनाशी होते. बटाट्याचा प्रतिकार ढिला पडतो आणि जिवाणूंची संख्या वाढू लागते.

ही वाढ कशी होते, ते जरा मांडून पाहू. समजा, एका छिद्रात एकच जिवाणू आहे आणि दर दोन तासांनी एकाचे दोन होतात. पहिला पूर्ण दिवस उलटल्यावर त्यांची संख्या होते ४,०९६. चाळीस तासांनी साधारण साडेदहा लाख. आणि अठ्ठेचाळीस तासांनी? एक कोटी सदुसष्ट लाखांच्या वर. म्हणजे दोन दिवसांतले पहिले चाळीस तास गेले, तेव्हा अंतिम संख्येच्या फक्त सोळाव्या हिश्शाएवढे जिवाणू तयार झाले होते; बाकीची सगळी भर शेवटच्या आठ तासांत पडली. रोग ‘अचानक’ दिसतो त्याचं अर्धं कारण या गुणाकारात आहे.

उरलेलं अर्धं जास्त मजेदार आहे. संख्या वाढत असताना प्रत्येक जिवाणूने आपापल्या परीने थोडं थोडं कुरतडलं असतं, तर बटाटा हळूहळू मऊ होत गेलेला कळला असता. तसं होत नाही. हे जिवाणू वाढत असतानाही आपली हत्यारं म्यान करून बसतात, आणि पुरेशी गर्दी झाली की एकदम बाहेर काढतात. डोळे नाहीत, कान नाहीत, मेंदू तर नाहीच. मग गर्दी झाली हे त्यांना कळतं कसं?

२. उत्तर सापडलं समुद्रात

हा शोध शेतात लागला नाही. समुद्रात व्हिब्रिओ फिशरी नावाचा एक जिवाणू राहतो, तो अंधारात निळसर उजेड देतो. १९७०च्या सुमारास अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात केनेथ नीलसन आणि वुडलंड हेस्टिंग्ज त्याच्यावर काम करत होते. ताज्या पोषक रसात जिवाणू सोडले की ते लगेच वाढायला लागत, पण उजेड मात्र वाढत नसे. काही तास असेच जात आणि मग भांडं एकाएकी उजळे. पुढचा प्रयोग साधा होता. जिवाणूंची दाट वस्ती होऊन गेलेला जुना रस त्यांनी गाळून घेतला आणि तो मोजक्या जिवाणूंच्या ताज्या भांड्यात मिसळला. थोडेच जिवाणू असूनही उजेड लवकर आला. याचा अर्थ, जुन्या रसात जिवाणूंनीच सोडलेलं काहीतरी होतं आणि तेच उजेडाची परवानगी देत होतं.

ते ‘काहीतरी’ नेमकं काय, हे १९८१ मध्ये कळलं. एक अगदी लहान रेणू, त्याला एक कडं आणि एक शेपटी. उजेड उपयोगी पडतो तो गर्दीतच. हवाई बेटांजवळ माकुळाच्या जातीचा एक बोटभर प्राणी याच जिवाणूंना अंगातल्या एका पिशवीत पाळतो आणि चांदण्या रात्री त्यांच्या उजेडाने स्वतःची सावली लपवतो. मोकळ्या समुद्रात एकटादुकटा भटकणारा जिवाणू उजेड पाडत नाही. कुणाला दिसणारच नाही अशा उजेडावर ऊर्जा का खर्च करायची?

पुढची दहाएक वर्षं बहुतेकांनी ही समुद्री जिवाणूंची एक गंमत मानली. मग १९९२ आणि १९९३ मध्ये ब्रिटन, फिनलंड आणि स्वीडनमधल्या संशोधकांना तोच रेणू एका वेगळ्याच ठिकाणी सापडला: बटाटा सडवणाऱ्या एर्विनियात. नुसता त्या जातीचा नव्हे, हुबेहूब तोच. १९९४ मध्ये या सगळ्या प्रकाराला नावही मिळालं, ‘कोरम सेन्सिंग’. सभेचं काम सुरू करायला किमान सदस्य हजर लागतात, ती गणपूर्ती. ती झाली की नाही हे हेरण्याची ही पद्धत.

३. गर्दी मोजायची रीत

देवघराच्या बंद खोलीत एक उदबत्ती लावली, तर दारातून आत येणाऱ्याला लगेच वास येतो. तीच उदबत्ती रेशीमबागेच्या मैदानात मधोमध लावली, तर चार पावलांवरही पत्ता लागणार नाही. मैदानात वास दरवळायचा, तर शेकडो उदबत्त्या हव्यात. डोळे बांधलेल्या माणसाला वासाच्या उग्रपणावरून एवढं नक्की सांगता येईल, की एकतर इथे उदबत्त्या पुष्कळ आहेत किंवा जागा कोंदट आहे.

जिवाणू नेमकं हेच करतो. प्रत्येक जण आपला रेणू सतत थोडा थोडा बाहेर सोडत राहतो. एकटा असेल तर तो रेणू विरून जातो. शेजारी वाढले की आसपास तो साचतो आणि पेशीच्या पातळ आवरणातून परत आत शिरू लागतो. आत त्याच्या मापाचं एक प्रथिन वाट पाहत असतं. रेणू त्याला चिकटला की ते प्रथिन जनुकांच्या धाग्यावर जाऊन ठरावीक जनुकं चालू किंवा बंद करतं. चालू होणाऱ्या जनुकांत बऱ्याचदा एक तोच रेणू बनवणारंही असतं. त्यामुळे एकदा उंबरठा ओलांडला की रेणू आणखी वेगाने बनतो, शेजाऱ्यांनाही तो मिळतो, आणि सगळी वस्ती जवळजवळ एका वेळी पलटते.

कड्याला जोडलेल्या शेपटीची लांबी जातीजातीत वेगळी असते, म्हणून प्रत्येक जातीला बहुधा आपल्याच माणसांचं, म्हणजे आपल्याच जिवाणूंचं, ऐकू येतं. ‘बहुधा’ म्हणायचं कारण वर आलंच आहे: समुद्रातला दिवा आणि बटाट्यातली सड एकाच रेणूवर चालतात.

४. थांबण्यात फायदा कुणाचा?

वनस्पतीच्या दोन पेशींना जोडून ठेवणारा जो चिकट पदार्थ असतो त्याचं नाव पेक्टिन. जॅम घट्ट बसतो तो यामुळेच. पेक्टोबॅक्टेरियम हे पेक्टिन विरघळवणारी विकरं सोडतो, पेशी एकमेकींपासून सुटतात आणि भाजीचा लगदा होतो. आता समजा, शंभरच जिवाणू आहेत आणि त्यांनी उतावीळपणे विकरं सोडली. थोडं पेक्टिन तुटेल. पण तुटलेले हेच तुकडे झाडाच्या लेखी धोक्याची घंटा असतात. ते जाणवले की झाड आसपासच्या भिंती जाड करतं, विषारी रसायनं बनवतं, प्रसंगी स्वतःच्या काही पेशी मारून रोगाची वाट अडवतं. शंभर जिवाणूंना ते भारी पडतं. कोट्यवधी जिवाणूंनी एकदम मारा केला, तर झाडाला सावरायला वेळच मिळत नाही.

संदेशाचं जनुक काढून टाकलेले एर्विनिया संशोधकांनी बनवले, तेव्हा हे पडताळता आलं. ते जिवंत होते, वाढत होते, पण त्यांना सड लावता येईना. बाहेरून तो रेणू दिला की पुन्हा लावता येई. आणखी एक धूर्तपणा याच अभ्यासात उघड झाला. काही एर्विनियांत तोच संदेश विकरांबरोबर एक प्रतिजैविकही बनवायला लावतो. बटाटा फुटला की आतला रस बाहेर येणार आणि त्यावर इतर जिवाणू तुटून पडणार. तेव्हा पंगत वाढायच्या आधीच बिनबोलावलेल्यांचा बंदोबस्त.

मग काही जणांच्या डोक्यात उलटी कल्पना आली. झाडानेच तो रेणू बनवला तर? चारदोन जिवाणूंना वाटेल गर्दी झाली, ते अवेळी हल्ला करतील आणि फसतील. २००१ मध्ये असा रेणू बनवणारं तंबाखूचं झाड खरोखर एर्विनियाला जास्त दाद न देणारं निघालं. आनंद फार टिकला नाही. २००४ मध्ये हाच प्रयोग बटाट्यावर झाला आणि ते बटाटे उलट अधिक सडले. तंबाखूचं पान सजग होतं, त्याने लवकरचा हल्ला परतवला. बटाट्याने मात्र शत्रूला आयतंच आमंत्रण दिलं, असा याचा एक अर्थ लावता येतो. प्रयोगशाळेतली एक चलाख युक्ती पिकागणिक कशी पालटते, याचा इतका स्वच्छ दाखला विरळाच.

५. पानकोबीचा घाण्या, लिंबाचा खैऱ्या

आतापर्यंतच्या कडं-शेपटीच्या रेणूला सगळेच रोगजिवाणू भीक घालत नाहीत. झँथोमोनस हे एक मोठं घराणं आहे आणि महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला ते नावाने नसलं तरी कामगिरीने चांगलं ठाऊक आहे. डाळिंबावरचा तेल्या त्याचा, भंडारा-गोंदियाच्या धानावरचा कडा करपा त्याचा, पानकोबीचा घाण्या त्याचा आणि कागदी लिंबावरचा खैऱ्याही त्याचाच.

या घराण्याचा संदेश सापडला तो घाण्या रोगाच्या जिवाणूत. पानकोबीच्या पानाच्या कडेला पाणी झिरपण्याची बारीक छिद्रं असतात. जिवाणू तिथून शिरतो आणि शिरांमधून आत सरकतो. म्हणून पानाच्या कडेपासून आत निमुळता होत जाणारा पिवळा डाग दिसतो आणि शिरा काळ्या पडतात. इंग्लंडमध्ये नॉरिच इथल्या सेन्सबरी प्रयोगशाळेत मायकेल डॅनियल्स आणि सहकाऱ्यांनी या जिवाणूचे असे काही वाण मिळवले, की ज्यांना रोग लावता येत नव्हता. बिघाड नसलेला त्याच जातीचा जिवाणू शेजारी वाढवला, की यातल्या एका वाणाची हत्यारं परत चालू होत. दोघांमध्ये काहीतरी पाझरत होतं, हे त्यांनी १९९७ मध्ये दाखवलं. २००४ मध्ये सिंगापूरच्या लिअन-हुई झँग यांच्या गटाने त्या पदार्थाची रचना उलगडली. तो निघाला एक मेदाम्ल, बारा कार्बनांची मुख्य साखळी असलेलं. त्याला ‘डीएसएफ’ म्हणतात, आणि पुढे याही लेखात तेच नाव वापरू.

डीएसएफच्या हुकमावर जिवाणू भिंती फोडणारी विकरं सोडतो आणि एक चिकट डिंकही बनवतो. हा डिंक बहुतेक वाचकांच्या पोटात कधी ना कधी गेलेला आहे. आइस्क्रीमच्या किंवा सॉसच्या वेष्टनावर ‘झँथन गम’ किंवा ‘४१५’ असं बारीक अक्षरात छापलेलं असतं, तो हाच. कारखान्यात तो पानकोबीच्या याच जिवाणूकडून बनवून घेतात. खाणाऱ्याला त्याने काही होत नाही.

खैऱ्याची गोष्ट विदर्भाला जास्त जवळची. नागपुरी संत्रं या रोगाला बऱ्यापैकी पुरून उरतं, पण कागदी लिंबू हमखास सापडतं. पानावर, काटेरी फांदीवर, फळावर खरबरीत तपकिरी फोड येतात, भोवती पिवळी कडा. आतला रस चांगला असला तरी बाजारात असं लिंबू वेगळ्या ढिगात जातं. पावसाच्या माऱ्याने जिवाणू पानावरून पानावर उडतो. नागअळीने पान पोखरलं असेल तर त्याला दारं उघडीच मिळतात. रोग मूळचा आशियातला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भारतातून गोळा केलेल्या महाळुंगाच्या वाळवलेल्या पानांवरही त्याचे फोड ओळखता आले आहेत. फ्लोरिडात तो पसरला तेव्हा तिथल्या सरकारने रोगट झाडच नव्हे, तर त्याच्या भोवतालची १,९०० फुटांपर्यंतची लिंबूवर्गीय झाडं तोडायचा नियम केला होता. २००६ मध्ये हात टेकून ती मोहीम बंद झाली. त्याच फ्लोरिडात खैऱ्याच्या जिवाणूतून डीएसएफ बनवणारं जनुक काढून पाहिलं, तर रोगाचा जोर कमी झालेला दिसला. जिवाणू होताच, त्याला एकजुटीची वेळ साधता येत नव्हती.

धानाच्या कडा करप्यावर हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेत सुभदीप चॅटर्जी आणि रमेश सोंटी यांनी २००२ मध्ये महत्त्वाचं काम केलं. संदेशाचं हेच जनुक बिघडलेला जिवाणू धानाला नीट रोग लावू शकत नाही, आणि लोह कमी असलेल्या जागी त्याला वाढताही येत नाही, असं त्यांना आढळलं. म्हणजे हा संदेश फक्त हल्ल्याचा नाही, रसदीचाही आहे.

याच जिवाणूच्या बाबतीत विज्ञान एकदा चांगलंच घसरलं. २००९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पामेला रोनाल्ड यांच्या गटाने जाहीर केलं, की जिवाणूचा एक संदेशरेणू धानाच्या एका रोगप्रतिकारक जनुकाला ओळखू येतो; म्हणजे झाड शत्रूची कुजबुज चोरून ऐकतं. कल्पना इतकी देखणी, की ती लगेच सगळीकडे पसरली. पुढे त्याच गटाला तोच निकाल परत मिळेना. प्रयोगातल्या जिवाणूंच्या वाणांची अदलाबदल झाली होती. २०१३ मध्ये त्यांनी स्वतःच तो शोधनिबंध मागे घेतला आणि २०१५ मध्ये खरा रेणू वेगळाच असल्याचं दाखवलं.

६. पेल्यातला पांढरा दोरा

वांगी आणि टमाटर लावणाऱ्याला भर दुपारी एखादं हिरवंगार झाड मान टाकताना दिसतं. पाणी दिलं तरी उपयोग होत नाही. ही मर बुरशीची की जिवाणूची, हे बांधावरच ओळखता येतं. बुंध्याजवळचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या काचेच्या पेल्यात उभा धरायचा. काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारखा धागा खाली उतरू लागला, तर तो राल्स्टोनिया नावाचा जिवाणू. त्या धाग्यात असंख्य जिवाणू असतात आणि त्यांनीच बनवलेला साखरेचा बुळबुळीत चीक. झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या याच चिकाने तुंबतात.

राल्स्टोनियाचा संदेश आणखी वेगळा. तो हवेतूनही पसरू शकतो. एका मिलिलिटरमध्ये साधारण एक कोटी जिवाणू होईपर्यंत हा जिवाणू चीक बनवत नाही. तोवर तो पोहत राहतो, मातीतून मुळाकडे जातो, अन्न आणि लोह जमवतो. एक कोटीच्या वर गेला की पोहणं सोडतो आणि चीक करू लागतो. एकाच जिवाणूची ही दोन आयुष्यं आहेत, आणि झाड मान टाकतं ते दुसऱ्यात. शेतकऱ्याला रोग दिसतो तेव्हा पहिलं आयुष्य संपून गेलेलं असतं.

७. गर्दी झाली की शांत बसणारा

इथवर वाचून कुणाला वाटेल, संदेश म्हणजे हल्लाच. झायलेला हा जिवाणू त्याला अपवाद आहे. कॅलिफोर्नियात तो द्राक्षवेल मारतो; २०१३पासून इटलीच्या दक्षिणेत त्याने ऑलिव्हच्या बागा उजाड केल्या. तोही डीएसएफच्या जातीचाच संदेश वापरतो. बर्कली विद्यापीठातल्या स्टीव्हन लिंडो यांच्या गटाने त्याचं संदेशाचं जनुक काढलं, तेव्हा रोग घटायच्या ऐवजी वाढला!

कारण त्याच्या जगण्यात आहे. झायलेला एका वेलीवरून दुसरीवर जातो तो रस शोषणाऱ्या किड्याच्या तोंडात चिकटून. वेल लवकर मेली तर किडा तिच्याकडे फिरकणार नाही. म्हणून गर्दी झाली की हा जिवाणू पुढे पसरणं थांबवतो आणि चिकट होऊन बसतो, म्हणजे किड्याच्या तोंडाला लागेल. संदेश हरवलेला झायलेला वेलीत बेफाम पसरतो, वेल मारतो, आणि किड्याला चिकटायचं विसरतो. हे ध्यानात आल्यावर लिंडो यांनी द्राक्षवेलीतच तो संदेश बनवणारं जनुक घातलं. बटाट्यात जी युक्ती अंगलट आली होती, ती इथे लागू पडली: वेलीत रोग कमी पसरला.

८. निरोप खोडून टाकता येतो?

जिवाणू मारायचा नाही, फक्त त्याचा निरोप पोचू द्यायचा नाही, ही कल्पना २००० साली प्रत्यक्षात आली. सिंगापूरच्या त्याच झँग यांच्या गटाला मातीतल्या एका बॅसिलसमध्ये एक विकर सापडलं. ते संदेशरेणूचं कडं उघडून त्याला निकामी करतं. २००१ मध्ये हे विकर बनवणारे बटाटे आणि तंबाखू तयार झाले, आणि एर्विनियाची डाळ त्यांच्यावर शिजेना.

नंतर कळलं, की हे विकर बॅसिलस थुरिन्जिएन्सिसमध्येही सर्रास असतं. वऱ्हाडातल्या प्रत्येक कापूस उत्पादकाच्या तोंडी असलेलं ‘बीटी’ ते हेच. बोंडअळीवरचं विष त्याच्या वेगळ्या जनुकातलं, संदेश खोडणारं विकर वेगळं. २००४ मध्ये दिसलं, की बीटी जिवाणू सोबत असला तर एर्विनिया मरत नाही, त्याची वाढही फारशी अडत नाही, पण सड लागण्याचं प्रमाण घटतं.

मग शेतावर हे अजून सर्रास का दिसत नाही? एक अडचण भाषांची. कडं उघडणारं विकर खैऱ्यावर, तेल्यावर किंवा घाण्यावर कुचकामी आहे, कारण त्यांचा संदेश मेदाम्लाचा, त्याला कडंच नाही. राल्स्टोनियासाठी तिसरं काहीतरी शोधावं लागेल. झायलेलाचा संदेश खोडणं तर घातकच ठरेल. दुसरी अडचण अधिक अवघड. मुळांभोवती राहून पिकाचं बुरशीपासून रक्षण करणारे काही स्यूडोमोनस जिवाणू आपली बुरशीनाशकं कड्याच्या संदेशावरच बनवतात. तूर-हरभऱ्यासारख्या पिकांच्या मुळांवर गाठी करणारे रायझोबियमही याच कुळातले रेणू सोडतात. मातीत सरसकट संदेश खोडणारं औषध ओतलं, तर चोरांबरोबर राखणदारांचीही बोलती बंद होईल. म्हणून आता शोध चालू आहे तो ठरावीक शेपटीचाच रेणू ओळखणाऱ्या विकरांचा आणि डीएसएफ खाऊन टाकणाऱ्या मातीतल्या जिवाणूंचा. तोवर लिंबाच्या बागेत पावसाळ्याआधी रोगट फांद्या छाटून जाळणं, ताम्रयुक्त औषधाची फवारणी, नागअळीचा बंदोबस्त, आणि वांग्याच्या वाफ्यात पाणी साचू न देणं हे जुनेच उपाय कामाचे आहेत. ते सगळे जिवाणू अजून थोडे असतानाच करायचे असतात.